बर्फातल्या राखेचा ज्वालामुखी शोधताना

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण राख म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर काळाकुट्ट थर येतो. ग्रीनलँडच्या बर्फात तसला थर डोळ्यांना क्वचितच दिसतो. जे असतं ते काचेचे अगदी बारीक तुकडे, बरेचदा १० ते ३० मायक्रॉनचे, माणसाचा केसच साधारण ७० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज घ्या. बर्फ हातात धरला तर स्वच्छ, पारदर्शक, काहीच नाही असं वाटतं आणि त्यातच एखाद्या ज्वालामुखीचा पूर्ण पत्ता असतो. या न दिसणाऱ्या राखेला क्रिप्टोटेफ्रा म्हणतात. टेफ्रा म्हणजे ज्वालामुखीतून हवेत उडालेलं सगळं काही, आणि तिच्या थरांवरून काळ मोजायच्या शास्त्राचा पाया आइसलँडच्या सिगुर्दुर थोरारिनसन यांनी १९४४ मध्ये घातला. मी गेली काही वर्षं हेच काम करतेय, बर्फ वितळवायचा, काच शोधायची, आणि ती कुठल्या डोंगरातून आली ते सांगायचं. कसं करतात ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी लागले तेव्हा आमच्या गाईड मॅडमनी पहिलंच सॅम्पल दिलं ते दुहेरी पिशवीत, वर फक्त एक नंबर. म्हणाल्या, "यातली राख कुठली ते सांग. खोली विचारू नकोस, तारीखही विचारू नकोस." तेव्हा मला हे जरा कडक वाटलं होतं. आता मी स्वतः नवीन मुलांना तसंच सॅम्पल देते, का ते पुढे येईलच.

तर सुरुवात कोल्ड रूममधून. उणे २० डिग्री, जाडजूड कपडे, हातमोज्यांवर हातमोजे, आणि बर्फाची पट्टी बँड सॉवर कापायची. बर्फाचा कोअर, म्हणजे खोल ड्रिल करून काढलेला बर्फाचा दंडगोल, हा खूप मौल्यवान माल आहे, त्याचा एक भाग आयसोटोपवाल्यांना (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू मोजणाऱ्यांना) जातो, एक गॅसवाल्यांना, एक केमिस्ट्रीला, एक पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवतात, आणि हे सगळं झालं की जी कड उरते ती आम्हा राखवाल्यांच्या वाट्याला. उत्तर-मध्य ग्रीनलँडमध्ये वरच्या भागात एका वर्षाचा बर्फ म्हणजे जेमतेम १९-२० सेंमीचा थर. तेवढ्या तुकड्याचे मी आणखी छोटे काप केले म्हणजे राख नेमकी कुठल्या कापात आहे, वर्षाच्या कुठल्या भागात पडली, ते कळेल. प्रत्येक कापाची बाहेरची बाजू स्वच्छ ब्लेडने खरवडून टाकायची कारण ड्रिलिंगच्या वेळचं द्रव, हाताळताना लागलेली धूळ, सगळं तिथेच चिकटलेलं असतं.

मग काप झाकलेल्या भांड्यात वितळू द्यायचे, पाणी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं पाणी केमिस्ट्रीसाठी बाजूला काढायचं आणि तळाशी जो जेमतेम थेंबभर गाळ राहतो तो काचेच्या खडबडीत स्लाईडवर सोडून हॉटप्लेटवर सुकवायचा. सुकला की वर इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी पारदर्शक राळ. याबरोबर नेहमी एक ब्लँक चालवायचा, म्हणजे अतिशुद्ध पाणी गोठवून तेही अगदी याच मार्गाने न्यायचं, तेच ब्लेड, तीच भांडी, तोच सेंट्रीफ्यूज. ब्लँकमध्ये काच दिसली तर त्या बॅचचं काहीच वापरायचं नाही. हा भाग वाचायला कंटाळवाणा वाटेल पण सगळी इमारत यावर उभी आहे, कारण पुढे आपण पाच-दहा कणांवरून एका डोंगराचं नाव घेणार असतो.

मायक्रोस्कोपचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. स्लाईड खाली ठेवली की आधी दिसते ती धूळ, बहुतेक आशियातल्या वाळवंटांतून आलेली, क्वार्ट्झ, माती, अभ्रकाचे पापुद्रे. क्रॉस्ड पोलर्स, म्हणजे प्रकाश अडवणारे एकमेकांना आडवे दोन फिल्टर, लावले की खनिजं चमकतात आणि स्लाईड फिरवली की त्यांची चमक कमीजास्त होते, पण ज्वालामुखीची काच तशी वागत नाही, ती अंधारात गडप होते, कारण तिच्या आत अणूंची शिस्तबद्ध रचनाच नसते, वितळलेला खडक इतक्या झटकन थंड झालेला असतो की स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. मग पोलर काढून परत बघायचं की जो कण अंधारात गेला त्याचा आकार कसा आहे. फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती असतात, वाय आकाराच्या, कमानदार, काही लांबट आणि आतून समांतर नळ्या नळ्या असलेले प्युमिसचे कण. एकदा डोळा बसला की विसरत नाही. फसवणारेही असतात, डायाटमचे, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाच्या कवचांचे, तुकडे पण पोलरखाली अंधारात जातात, कारण तेही अस्फटिक सिलिकाचेच (वाळूतलं मुख्य द्रव्य), पण त्यांच्यावर नीट ओळीत भोकं असतात आणि ज्वालामुखीच्या काचेत एवढी नीट ओळ नसते.

माझ्या त्या पहिल्या सॅम्पलमध्ये एका कापात काच भरपूर होती, रंगहीन, पातळ, बुडबुडेदार. शेजारच्या कापांत तुरळक. म्हणजे एकदम पडलेली राख, वाऱ्याने वर्षभर इकडून तिकडून आणलेली धूळ नव्हे. रंगहीन म्हणजे सिलिका जास्त, बेसाल्ट, म्हणजे कमी सिलिकाचा काळा खडक, असता तर कण तपकिरी दिसले असते. एवढंच तेव्हा कळलं होतं आणि तेवढ्यावर मी मनात आइसलँड, आइसलँड म्हणायला लागले होते, कारण ग्रीनलँडला सगळ्यात जवळचा ज्वालामुखी प्रदेश तोच आणि तिथल्या हेक्ला वगैरेंनी सिलिकावाली राख अनेकदा उडवलेली आहे. मॅडमना सांगितलं तर त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

मग पॉलिशिंग. कणाचा आतला ताजा भाग उघडा पडायला हवा आणि तो आरशासारखा सपाट हवा, नाहीतर मशीन खोटे आकडे देतं. सिलिकॉन कार्बाइडच्या कागदावर थोडं घासायचं, परत मायक्रोस्कोपखाली बघायचं, परत थोडं, मग डायमंड पेस्ट, शेवटी १ मायक्रॉनपर्यंत. २० मायक्रॉनच्या कणावर किती घासणार, दोन घासे जास्त झाले की कण गेला, आणि तो बर्फ परत मिळत नाही. इथे घाई करणाऱ्या माणसाने हे काम करू नये असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक कणाचा फोटो आणि जागा नोंदवून नकाशा करायचा, मग वर कार्बनचा अतिशय पातळ थर चढवायचा म्हणजे स्लाईडवर विद्युतभार साठत नाही.

आणि मग मायक्रोप्रोब. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबमध्ये इलेक्ट्रॉनचा बारीक झोत कणावर सोडतात, कणातलं प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठराविक तरंगलांबीचे एक्सरे सोडतं, त्यावरून सिलिका, टायटॅनियम, अॅल्युमिनियम, लोह, मॅंगनीज, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम हे सगळं वजनाच्या टक्केवारीत मिळतं. ऐकायला सोपं. पण सोडियम हा फार चंचल प्राणी, झोत पडला की काचेतून सरकायला लागतो, म्हणून तो सगळ्यात आधी मोजायचा, करंट कमी ठेवायचा, आणि झोत जमेल तितका पसरट ठेवायचा. आता पसरट झोत ठेवावा तर आमचे कण एवढेसे, त्यात मध्ये बुडबुडे, भिंत कधी कधी ५ मायक्रॉनची, झोत जरा सरकला की इपॉक्सीवर जातो आणि सगळ्या टक्क्यांची बेरीज धाडकन खाली येते. काचेत लपलेला फेल्डस्पार या खनिजाचा बारीक स्फटिक झोताखाली आला तर अॅल्युमिनियम आणि कॅल्शियम अचानक वर. असे आकडे ओळखून बाहेर काढावे लागतात, आणि का काढले ते लिहून ठेवावं लागतं, नाहीतर आपल्याला आवडणारे आकडे ठेवले असं होतं. अधूनमधून स्टँडर्ड मोजायचा, आमच्याकडे इटलीतल्या लिपारी बेटाच्या ऑब्सिडियनचा तुकडा आहे, त्याचे आकडे जगभरच्या लॅबना माहीत आहेत, सुरुवातीला मोजायचा, मध्ये मोजायचा, शेवटी मोजायचा. लिपारी ढळली तर सगळंच ढळलं.

मशीनचा स्लॉट रात्रीचा मिळाला होता. एकेक कणाचे आकडे यायला लागले. सिलिका ७३-७४ टक्क्यांच्या घरात, पोटॅशियम ऑक्साईड ३ च्या थोडं वर, आणि कणामागून कण तेच, म्हणजे एकच स्फोट, भेसळ नाही. काचेने कालांतराने थोडं पाणी शोषलेलं असतं त्यामुळे बेरीज १०० भरत नाही, म्हणून सगळे आकडे १०० वर आणून मगच आलेख काढतात. मी लोह विरुद्ध कॅल्शियमचा आलेख काढला, आइसलँडचे ज्ञात ज्वालामुखी त्यावर टाकले आणि माझे ठिपके त्यांच्या कुठल्याच घोळक्यात पडेनात. आइसलँडच्या सिलिकावाल्या काचेत साधारणपणे लोह जास्त असतं, माझ्याकडे कमी होतं, आणि कॅल्शियम त्या मानाने वर. म्हणजे आइसलँड नव्हेच! हे कळलं तो क्षण मला अजून आठवतो, कारण याचा अर्थ राख जवळून आलेली नव्हती.

मग सुरू झाली खरी शोधाशोध. टेफ्राबेससारखे डेटाबेस आहेत, जुने पेपर आहेत, त्यांच्या शेवटी दिलेले टेबल आहेत. उत्तर गोलार्धातला एकेक मोठा सिलिकावाला स्फोट घ्यायचा आणि बाद करत जायचं. ओरेगॉनचा मझामा, ज्याच्या जागी आता क्रेटर लेक आहे, त्याची राख सुमारे ७६०० वर्षांपूर्वीची आणि ती ग्रीनलँडच्या जीआयएसपी२ कोअरमध्ये सापडलेली आहे, सिलिका जवळपास तीच, पण मझामात सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी. बाद. चीन आणि उत्तर कोरियाच्या सीमेवरचा चांगबाईशान, ज्याला कोरियन लोक पाएक्तू म्हणतात, त्याचा इसवी सन ९४६ चा प्रचंड स्फोट, तीही राख ग्रीनलँडपर्यंत पोचलेली आहे हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं, पण त्या काचेत कॅल्शियम जवळजवळ नसतंच आणि लोह बरंच जास्त. बाद. रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचटकातला क्सुदाच, पोटॅशियम फार खाली, बाद. अशी यादी छोटी होत होत अलास्कावर आली, कॅनडाच्या सीमेजवळ माउंट चर्चिल, आणि त्याची व्हाइट रिव्हर अॅश. ठिपक्यांवर ठिपके बसले, लोहात, कॅल्शियममध्ये, पोटॅशियममध्ये, सगळीकडे.

मी धावतच मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या अजून नाव घेऊ नकोस. दुसऱ्या लॅबच्या छापील आकड्यांशी आपले आकडे जुळले म्हणजे जुळले असं नाही, दोन मशीनमध्ये थोडा फरक असतोच. चर्चिलशेजारच्या कॅनडातल्या युकॉनमध्ये जमिनीवर जो राखेचा थर आहे तिथलं मूळ सॅम्पल आमच्याकडे होतं, ते त्याच स्लाईडशेजारी लावून, त्याच सेशनमध्ये, एक कण इकडचा एक कण तिकडचा असं मोजलं. जुळलं. मगच त्यांनी कपाटातून कागद काढला आणि तारीख दाखवली, ८५२-८५३ चा हिवाळा. चर्चिलच्या त्या स्फोटाची तारीखच ती. चर्चिलच्या दोन मोठ्या राखा आहेत, उत्तरेकडे गेलेली जुनी आणि पूर्वेकडे गेलेली ही, दोन्हींची काच एकमेकींसारखी आहे, त्यामुळे काचेवरून डोंगर कळला पण स्फोट कुठला हे तारखेशिवाय पक्कं झालं नसतं.

आणि मग त्यांनी सल्फेटचा आलेख समोर ठेवला, तो माझ्यासाठी सगळ्यात मोठा धडा. बर्फात ज्वालामुखी शोधायची नेहमीची पद्धत म्हणजे आम्ल शोधणं. स्फोटातला गंधक हवेत सल्फ्युरिक आम्ल होतो, ते बर्फावर पडतं, बर्फाची विद्युतवाहकता वाढते, कोअरवरून इलेक्ट्रोड फिरवले की आलेखात टोक येतं. १९८० मध्ये क्लाउस हॅमर आणि सहकाऱ्यांनी ग्रीनलँडच्या बर्फात हजारो वर्षांचे स्फोट असेच दाखवले. मला वाटलं चर्चिलचं टोक आभाळाला भिडलेलं असणार, कारण हा पहिल्या सहस्रकातल्या सगळ्यात मोठ्या स्फोटांपैकी एक, स्फोटाच्या आकाराच्या मोजपट्टीवर मॅग्निट्यूड ६.७, राखच ३९ ते ६२ घन किलोमीटरच्या दरम्यान, फिनलंड आणि पोलंडपर्यंत कण सापडलेत. पण सल्फेट मध्यमच. राख आणि क्लोरीन मात्र भरपूर. म्हणजे नुसता सल्फेट बघून कुणी मोठे स्फोट निवडत बसलं असतं तर हा डोंगर यादीत खाली कुठेतरी राहिला असता. हीच राख आयर्लंडच्या दलदलीतल्या पीटमध्ये (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात) १९९० च्या दशकातच सापडली होती, तिला तारखेवरून एडी ८६० असं नाव दिलं होतं, आणि सगळे आपापल्या जवळचा ज्वालामुखी शोधत राहिले. ती अटलांटिक ओलांडून अलास्काहून आली हे २०१४ मध्ये कळलं.

आता तारीख का लपवायची ते सांगते. तारीख माहीत असली की मन आधी नाव शोधतं आणि मग काच त्या नावाला जुळवून घेतं, आणि हे फार हुशार, फार प्रामाणिक माणसांचंही झालेलं आहे. सँटोरिनीचा, म्हणजे थेराचा तो कांस्ययुगातला स्फोट घ्या. ग्रीनलँडच्या जीआरआयपी कोअरमध्ये एक टोक होतं, तेव्हाच्या मोजणीप्रमाणे इसवी सन पूर्व १६४५, त्यात काचही सापडली, आणि २००३ मध्ये ती थेराची आहे असं मांडलं गेलं. तारीख हवी तिथे पडत होती ना. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तेच आकडे नीट तपासून म्हटलं ही काच अलास्कातल्या आनियाकचाकशी जुळते. वाद चालला, बर्फाचं कॅलेंडर सुधारलं, १६४५ चं १६२८ झालं, आणि २०२२ मध्ये नव्या काचेवरून आणि गंधकाच्या आयसोटोपवरून आनियाकचाक पक्का झाला. इतकी वर्षं भूमध्य समुद्राच्या इतिहासाचा खुंटा म्हणून जो थर वापरला जात होता तो अलास्काचा निघाला.

व्हेसुव्हियसचं तर आणखी गंभीर. पाँपेई गाडणारा इसवी सन ७९ चा स्फोट, तारीख इतिहासात लिहिलेली, म्हणून बर्फातल्या एका थराला व्हेसुव्हियस मानून ग्रीनलँडचं कॅलेंडर तिथे टाचून टाकलं होतं. पुढे त्या थरातली काचही व्हेसुव्हियसची वाटते असं छापून आलं. पण ७७४-७५ मध्ये सूर्याकडून आलेल्या कणांचा एक प्रचंड मारा झाला होता, झाडांच्या वर्षवलयांत कार्बन-१४ च्या उडीने तो दिसतो आणि बर्फात बेरिलियम-१० च्या उडीने, या दोन उड्या जुळवून पाहिल्या तर बर्फाचं कॅलेंडर तिथे सुमारे ७ वर्षांनी चुकत होतं. २०१५ मध्ये मायकल सिगल आणि सहकाऱ्यांनी ते दुरुस्त केलं. दुरुस्तीनंतर तो तथाकथित व्हेसुव्हियसचा थर ८७-८८ च्या आसपास सरकला, आणि २०२२ मध्ये काच परत मोजली तेव्हा तीही व्हेसुव्हियसची नव्हतीच. सात वर्षं म्हणजे काय मोठंसं असं वाटेल, पण कुठल्या स्फोटानंतर कुठला दुष्काळ आला, कुठली थंडी पडली हे जोडताना सात वर्षांनी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. एका घाईने दिलेल्या नावाने शेकडो वर्षांची मांडणी सरकते. म्हणून मी नाव देण्याच्या बाबतीत एवढी हट्टी आहे.

नीट केलं की काय मिळतं तेही बघा. इसवी सन पूर्व ४३ मध्ये, ज्युलियस सीझरच्या खुनानंतरच्या वर्षी, भूमध्य भागात विचित्र थंडी आणि नापिकी होती. २०२० मध्ये ग्रीनलँडच्या बर्फातली त्या वर्षीची काच अलास्काच्या अल्यूशियन बेटांवरच्या ओकमोक ज्वालामुखीशी जुळली. १८३१ चा गूढ स्फोट तर अगदी अलीकडे सुटला, निळसर सूर्य दिसल्याच्या नोंदी होत्या, बर्फात सल्फेट होतं, डोंगर मात्र कुणाला माहीत नव्हता. काच जुळली ती जपानच्या उत्तरेच्या कुरील बेटांपैकी सिमुशिर नावाच्या निर्मनुष्य बेटावरच्या झावारित्स्की ज्वालामुखीशी, आणि ती जुळवता आली कारण तिथे जाऊन आलेल्या कुणीतरी राखेची सॅम्पल जपून ठेवली होती. मला यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बर्फातली काच कितीही चांगली मोजा, जमिनीवरून आणलेला जोडीदार नसेल तर ती बेवारसच राहते.

दक्षिणेकडे चित्र वेगळं आहे. आमच्याच लॅबमध्ये एकजण अंटार्क्टिकावर काम करतो, त्याची सॅम्पल बघून मला हेवा वाटतो. माउंट बर्लिन, माउंट ताकाहे हे ज्वालामुखी बर्फाच्या चादरीतूनच वर आलेले, त्यामुळे राख जाड, कण मोठे. माउंट मोल्टनवर निळ्या बर्फात राखेचे पट्टे उघड्यावर दिसतात, चालत जाऊन उचलावेत असे, आणि त्यातल्या फेल्डस्पारचं आर्गॉन पद्धतीने वय काढता येतं म्हणजे राखच बर्फाचं वय सांगते. पण तिथेही दुरून आलेले पाहुणे आहेत. न्यूझीलंडच्या टाउपोचा सुमारे २५५०० वर्षांपूर्वीचा ओरुआनुई स्फोट, त्याची काच सुमारे ५००० किमी लांब पश्चिम अंटार्क्टिकाच्या कोअरमध्ये सापडली आहे. एका काचेने न्यूझीलंडच्या तळ्यातला गाळ आणि ध्रुवाजवळचा बर्फ एकाच वर्षाला बांधले जातात, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पहिल्या सॅम्पलनंतर मला खरं काम मिळालं आणि त्यात निराशा बरीच. एक उंच, सुरेख सल्फेट टोक होतं, १२५८-५९ चं, आणि माझ्या कापांत काच म्हणावी अशी एकही गोष्ट नाही. हा स्फोट इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावरच्या समालास ज्वालामुखीचा, १२५७ चा. विषुववृत्ताजवळून गंधकाचा वायू आणि आम्लाचे थेंब दोन्ही ध्रुवांकडे जातात, पण काचेचे कण जड, ते वाटेतच पडतात. हे टोक १९८० च्या आसपासपासून माहीत होतं, डोंगर कळला २०१३ मध्ये, आणि तो मुख्यतः जमिनीवरच्या कामातून, राखेचे थर, जळलेल्या लाकडाची कार्बन तारीख, आणि ताडपत्रावरच्या जुन्या जावानीज नोंदी. अशा वेळी बर्फातून मदत होते ती गंधकाच्या आयसोटोपची, त्यावरून वायू ओझोन थराच्या वरपर्यंत गेला होता का ते कळतं. नाव नाही कळत, पण स्फोट किती उंच गेला ते कळतं.

सध्या माझ्या टेबलावर जे सॅम्पल आहे त्यात दोन जातीचे कण आहेत. बरेचसे तपकिरी, बेसाल्ट, आकडे आइसलँडच्या ग्रिम्सव्होत्नच्या घोळक्यात नीट बसतात. पण ग्रिम्सव्होत्न सतत फुटणारा ज्वालामुखी, आणि त्याची काच स्फोटागणिक फारशी बदलत नाही. सुमारे १०३०० वर्षांपूर्वीची साक्सुनारवात्न राख कित्येक दशकं एकाच स्फोटाची धरली जायची, उत्तर अटलांटिकभर तिच्यावरून तारखा जुळवल्या, आणि नंतर कळलं की ते काही शतकांत झालेले बरेच स्फोट आहेत. म्हणून माझ्या नोंदीत मी "ग्रिम्सव्होत्न प्रणाली" एवढंच लिहिलं आहे, स्फोटाचा रकाना रिकामा. कुणीतरी म्हणालं की तारखेवरून एखादा जवळचा टाकून दे, रिव्ह्यूला बरं दिसतं. नाही टाकणार.

दुसरे कण रंगहीन, अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ते आइसलँडचे नाहीत एवढं नक्की. पॉलिश करून झालेत, मायक्रोप्रोबवर दोनदा मोजलेत, दोन्ही वेळा लिपारी जागेवर होती. अल्यूशियनच्या दोन ज्वालामुखींशी जुळल्यासारखे वाटतात, पण एकात टायटॅनियम जुळत नाही आणि दुसऱ्याचे छापील आकडे इतके जुने आहेत की सोडियमवर विश्वास ठेवता येत नाही. ज्यांनी त्या बेटांवर जाऊन राख गोळा केली आहे त्यांना मूळ सॅम्पलचे चिमूटभर दाणे मागितले आहेत. ते आले की एकाच स्लाईडवर शेजारी शेजारी लावून परत मोजायचे, आणि तोपर्यंत सॅम्पलच्या पिशवीवर नंबरच राहील.